पाठुंगळीला बसलेली हवा

सकाळी सातच्या सुमारास घरामागे कॉम्प्रेसर धडधडू लागला आणि विहिरीच्या काठावरचा कावळा उडून गेला. मालवणातलं, समुद्राच्या अंगाला असलेलं हे चार खोल्यांचं घर. पुढे सारवलेलं खळं, मागे माड, माडांपलीकडे पुळण आणि मग पाणी. घरमालकांचे वडील रापणीवर जायचे, मालकांनी स्वतः बरीच वर्षं मासेमारी केली आणि आता ते व त्यांचा भाचा पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन आणतात. मावशी (म्हणजे मालकांच्या पत्नी, त्यांना नावानं हाक मारणारं मला कुणी भेटलं नाही) घावणे आणि बांगड्याचं तिखलं करतात. खाट, ताट आणि समुद्राचा तळ, सगळं एकाच छपराखाली. मालवणपासून देवबागपर्यंतच्या पट्ट्यात अशी बरीच घरं आहेत.

मी गेले होते मासे बघायला. पण चहाचा कप घेऊन कॉम्प्रेसरपाशी उभी राहिले आणि तिथेच अडकले. यंत्रातून एक नळी निघून शेजारच्या माडाला बांधत बांधत डोक्याच्या बरीच वर नेलेली होती. ही कशाला, म्हणून विचारलं. ‘‘हवा घेवक,’’ भाचा म्हणाला. यंत्राचा धूर खाली सुटतो, तो टाकीत शिरू नये म्हणून नळीचं तोंड वर आणि वाऱ्याच्या बाजूला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जमिनीवर जेवढा छळतो त्याहून जास्त पाण्याखालच्या दाबात छळतो.

म्हणजे टाकीत जात होती ती याच वाडीतली हवा. माडांमधली, विहिरीवरची. आपल्याकडे सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, किनाऱ्यावर ओरडून गिऱ्हाईक बोलावणारेही तसंच म्हणतात. त्यात ऑक्सिजन असतो तो तुमच्याआमच्या स्वयंपाकघरात असतो तेवढाच, साधारण २१ टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन भरून कुणी समुद्रात उतरलं, तर सहा मीटरच्या खाली तो विषासारखा वागू लागतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. प्राणवायू हे नाव ज्यानं ठेवलं, त्याला ही खोड ठाऊक नसावी.

टाकी अॅल्युमिनियमची. आत पाणी भरलं तर ११ लिटर मावेल, म्हणजे एखादी कळशीच म्हणा. त्या कळशीत कॉम्प्रेसर सुमारे २,२०० लिटर हवा कोंबतो. घरातल्या लोखंडी कपाटात जेवढी हवा असते तशी अडीच कपाटं. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या नव्वदपट दाब. सायकलचा पंप मारताना तळाशी गरम लागतो तसंच इथेही होतं. भरताना टाकी हाताला चांगलीच ऊन लागते. वाटेतल्या गाळण्या हवेतलं तेल, वास आणि ओल काढून घेतात, त्यामुळे वाडीतली ती हवा टाकीत जाताना कोरडीठाक आणि बिनवासाची झालेली असते. तासभर ती तोंडानं घेतली की घशाला कोरड का पडते, ते पुढे कळतं.

आणि हवेला वजन असतं हे शाळेत शिकून आपण विसरलेलो असतो. या अडीच कपाटांचं वजन अडीच किलोहून थोडं जास्त भरतं. त्यामुळे एक गंमत होते. भरलेली टाकी समुद्रात सोडली तर बुडते, संपत आलेली टाकी तरंगते. पाण्याखालच्या फेरीच्या शेवटी शेवटी पाठीवरचं हे जनावर वर जायला ओढ घेऊ लागतं, म्हणून कमरेला शिसं बांधताना त्याचाही हिशेब धरावा लागतो.

शिसं म्हटल्यावर समोर बघावंच लागतं. माडांमधून दिसतो तो सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली आणि पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं सांगतात. साडेतीनशे वर्षांनी त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर उतरणारा प्रत्येक जण कमरेला शिशाच्या वड्या अडकवून जातो. तट जागेवरून हलू नये म्हणून तिथे शिसं, माणूस बुचासारखा वर येऊ नये म्हणून इथे.

होडीत बसण्याआधी एक अर्ज भरायचा होता. दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, फिट्स, सध्या सर्दी? पुण्याच्या एका मैत्रिणीला दुसरीकडे असा अर्ज कुणी दाखवलाच नव्हता, दहा मिनिटांत कपडे बदलून थेट पाण्यात. मला ते पटत नाही. सर्दीचा प्रश्न तर सगळ्यांत किरकोळ वाटतो आणि सगळ्यांत कामाचा तोच असतो. का, ते आंबोली घाटाला विचारा.

आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटरवर आहे. सावंतवाडीकडे उतरताना कानांत दडे बसतात, मग आवंढा गिळला की ‘टक्’ करून मोकळे होतात. हवेचा दाब बाहेर वाढलेला असतो, पडद्याच्या आत मात्र अजून घाटमाथ्यावरचीच हवा असते. आता समुद्रात तेवढाच फरक पडायला किती खाली जावं लागतं? एक मीटरसुद्धा नाही. सगळी आंबोली, तिची वळणं आणि धबधबे धरून, पाण्यात कमरेएवढ्या खोलीत संपते. आणि आम्ही जाणार होतो आठ मीटर. आठ-दहा घाट एकाखाली एक, दोन-तीन मिनिटांत उतरायचे.

त्यावरचा उपाय एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जातो. आंतोनियो व्हाल्साल्वानं १७०४ मध्ये कानावर ग्रंथ लिहिला. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच फुंकायचं. घशातून कानाच्या आत जाणाऱ्या बारीक नळीतून हवा आत शिरते आणि पडदा सरळ होतो. सर्दीत ही नळी सुजून बंद होते, म्हणून तो प्रश्न. कान दुखू लागल्यावर फुंकायचं नाही, दुखायच्या आधी. दर अर्ध्या-एक मीटरला. मास्कला नाकाचा खिसा मऊ रबराचा का असतो, हे मला तेव्हा उमगलं.

आता ती मूळ युक्ती, जिच्याशिवाय टाकीतली २०० पट दाबलेली हवा माणसाचा जीवच घेईल. लहानपणी सिनेमात नायक तळ्यात लपायचा आणि वेळूच्या नळीतून श्वास घ्यायचा. दुर्योधन डोहात दडला तेव्हा त्याच्याजवळ जलस्तंभन विद्या होती, तेव्हा त्याचं सोडा. पण नळीवाल्या नायकाला एक मीटर खोलीवर छाती फुगवताच येणार नाही. एवढ्या खोलीवर एक चौरस फुटावर वरच्या पाण्याचा भार नव्वद किलोंहून जास्त पडतो. नळीतून येणारी हवा किनाऱ्यावरच्या दाबाची आणि छातीवर जणू आडवा झालेला मालवणी पहिलवान. बरगड्या उचलणार कशा? म्हणजे पाण्याखाली नुसती हवा मिळून भागत नाही. त्या खोलीवर पाणी जेवढं दाबतंय, नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा मिळायला हवी. पाच मीटरवर पाचची, सहावर सहाची, प्रत्येक श्वासाला नव्यानं मोजून.

हे मोजतं कोण? तोंडात धरायच्या त्या डबीतला रबराचा एक पातळ पडदा. टाकीच्या तोंडावरची पहिली झडप २०० चा दाब दहाच्या आसपास आणते. मग नळीतून हवा तोंडाजवळच्या डबीत येते. डबीच्या बाहेरच्या अंगाला थेट समुद्र असतो, आतल्या अंगाला तुमचं तोंड आणि मधे तो पडदा. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, आतली पट्टी दाबली जाते, झडप उघडते आणि हवा येते. डबीतला दाब बाहेरच्या पाण्याइतका झाला की पडदा आपोआप मागे सरतो आणि झडप बंद. ना बॅटरी, ना काटे, ना कसला हिशेब. खोलीचं मोजमाप खुद्द समुद्रच करतो, पडद्याला बाहेरून टेकून.

असली यंत्रं एकोणिसाव्या शतकातही फ्रान्समध्ये झाली होती, पण आजच्या रूपातली झडप १९४३ ची. दुसरं महायुद्ध चालू, फ्रान्समध्ये पेट्रोलची चणचण. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरनं मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप केली होती. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस लागेल तेव्हा द्यायचा. नौदलातला अधिकारी झाक कुस्तो त्याच्याकडे आपली अडचण घेऊन गेला. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसं ठेवली, बस. मार्न नदीत पहिली चाचणी घेतली तेव्हा कुस्तो आडवा असताना हवा नीट येई, उभा झाला की वाया जाई आणि डोकं खाली केलं की गुदमरे. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर होती, एवढंच कारण. वीतभर अंतरानंही पाण्याचा दाब बदलतो! दोन्ही तोंडं एका पातळीवर आणली आणि काम झालं. मालवणात आज होडी होडीतून लोंबणाऱ्या डब्या या मोटारीच्या झडपेच्याच लेकी.

होडी निघाली. खुणा शिकवून झाल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला की ‘मला वर ने’. आपल्याला इतकी वर्षं अंगठा वर करून ‘मस्त’ म्हणायची सवय. दर हंगामात खूप जण खाली जाऊन आनंदानं अंगठा दाखवतात आणि वर आणले जातात, आणि मग पैसे परत मागतात. अखेर भाच्यानं माझ्याकडे वळून एकच नियम सांगितला. ‘‘ताई, खाली काय पण झाला तरी श्वास रोखूचो नाय. बाकीचा मी बघतंय.’’

तो नियम बॉइलचा आहे. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडला : दाब दुप्पट तर हवेचं आकारमान निम्मं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. हे आकडे साधे दिसतात, पण त्यांत एक चकवा आहे. पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट होतो. वीस ते तीस या दहा मीटरांत तो तीनाचा चार होतो, म्हणजे एक तृतीयांशच वाढतो. सगळ्यांत मोठी उलथापालथ वरवरच्याच पाण्यात. ‘आपण काय फार खोल जात नाही’ हा दिलासा म्हणूनच अर्धवट खरा. दहा मीटरवर छातीभर श्वास घेऊन, तो कोंडून कुणी वर आलं, तर फुप्फुसातली हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस काही दुप्पट होत नाही. घाबरलेला माणूस मात्र नेमकं हेच करतो. तोंड मिटतो आणि वर धावतो.

मी पाण्यात तोंड घातलं आणि पहिला श्वास घेतला. शरीर नको म्हणत होतं. पन्नास वर्षं त्याला शिकवलंय की तोंड पाण्यात असलं की श्वास बंद. मग डबीतून ‘सुस्स’ करून हवा आली, कोरडी, गार, आणि मी ती सोडली तेव्हा कानांजवळून बुडबुड्यांचा लोंढा गडगडत वर गेला. आणखी एक. आणखी एक. मान खाली केली, तर खडक माझ्याकडे येत होता.

खाली पाणी हिरवं होतं. जाहिरातीत दाखवतात तसं निळंशार काही नाही. पाच-सात मीटरपलीकडे सगळं धूसर. कित्येक जण हिरमुसतात. मला उलटं वाटतं. हा हिरवेपणा म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर पेडवे, तारल्या आणि बांगडे, त्यांच्यावर सुरमई आणि शेवटी मावशींचा तवा. निळा, आरस्पानी समुद्र बहुधा उपाशी समुद्र असतो.

माझ्या नखांवरचा लाल रंग काळपट दिसत होता. पाणी प्रकाशातला लाल भाग सगळ्यांत आधी गिळतं. आणखी खोल, वीस-पंचवीस मीटरवर, बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. आणि दिसतं तरी कशामुळे? उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं अंधुक दिसतं, कारण बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा आणि पाणी, दोन्हीतून प्रकाश जवळपास सारख्याच वेगानं जातो, मग तो वळणार कुठे? मास्क फक्त एकच करतो, डोळ्यांपुढे हवेची एक फोड धरतो. थोडक्यात, फुप्फुसांपुरती नव्हे, नजरेपुरतीही हवा आपण बरोबर घेऊन गेलेलो असतो. तिची फी म्हणून प्रत्येक वस्तू एक तृतीयांशानं मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते. पाण्याखाली पाहिलेल्या माशाची लांबी दोन हातांनी दाखवणाऱ्याला खोटारडा म्हणू नका; निदान निम्मी थाप मास्कची असते.

खडकावर प्रवाळ होतं. करड्या-पिवळट गोळ्यांसारखं, पहिल्या नजरेत दगडच. जवळ गेल्यावर त्यावर सुईच्या टोकाएवढी हजारो फुलं. प्रत्येक फूल म्हणजे तोंड आणि भोवती शुंडकं असलेला एक प्राणी, अंगात राहणाऱ्या शैवालाकडून सूर्यप्रकाशावरची पिठाची गिरणी चालवून घेणारा आणि खाली चुनखडीचं घर बांधत जाणारा. १९८७ मध्ये इथल्या २९ चौरस किलोमीटरला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं ते याच खडकांसाठी, आणि २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच परिशिष्टात जागा मिळाली. तरी त्याच्यावर नांगर पडतात, पावलं पडतात. पट्टेरी मासे माझ्या मास्कभोवती गोळा झाले तेव्हा क्षणभर फुशारकी वाटली; मग लक्षात आलं की शेजारच्या गटातला कुणीतरी पाव चुरत होता. फोटोसाठी माशांना पाव घालणं हा मला या धंद्यातला सगळ्यांत ओशाळवाणा भाग वाटतो. खडकावरची शेवाळं खरवडून प्रवाळाला मोकळं ठेवणं हे बऱ्याच माशांचं रोजचं काम. त्यांना आपण चहा-टोस्टची सवय लावतो.

आणि आवाज. भाच्याला टाकीवर टकटक करताना मी ऐकलं, पण तो कुठल्या बाजूला आहे ते कळेना. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो, आणि दिशा हरवते. त्या सगळ्यामागे सारखी एक बारीक तडतड, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. मला वाटलं तोंडातल्या डबीचा दोष. ती टिचकी मारणारी कोळंबी, बोटाच्या दोन पेरांएवढी, एक नांगी अंगाच्या मानानं राक्षसी. नांगी फटकन मिटली की पाण्याची अशी वेगवान चिळकांडी सुटते की तिच्यात एक बुडबुडा तयार होतो आणि त्याच क्षणी कोसळतो. आवाज नांग्या आपटल्याचा असं शतकभर मानत होते. २००० साली दिसलं की आवाज त्या बुडबुड्याच्या मरणाचा असतो. कोसळताना त्याच्या आत क्षणार्धापुरती हजारो अंशांची उष्णता आणि उजेडाची एक ठिणगी पडते, आपल्या डोळ्यांना न दिसणारी. दुसऱ्या महायुद्धात या तडतडीमुळे पाणबुड्यांचा आवाज ऐकणं अवघड व्हायचं.

मग मला खेळ सापडला. पूर्ण श्वास घेतला की मी वीतभर वर जाते, सोडला की हळूच खाली. हात-पाय न हलवता. अर्धा-पाऊण लिटर हवा छातीत जास्त, म्हणजे तेवढंच पाणी बाजूला सारलेलं, म्हणजे तेवढाच धक्का वर. आर्किमिडीज आंघोळीच्या टबात जे शिकला ते फुप्फुसांनी करून बघता येतं. एका खडकावरून पलीकडे जायला एक श्वास पुरला.

वीस मिनिटांनी भाच्यानं अंगठा वर केला. या वेळी ‘मस्त’ म्हणून नव्हे.

वर येताना मी माझ्याच बुडबुड्यांकडे बघत होते. खाली वाटाण्याएवढा सुटलेला बुडबुडा वर जाता जाता फुगतो, चपटा होतो, ताटलीसारखा थरथरतो आणि फुटून त्याची पिल्लं होतात. बॉइलचा नियम डोळ्यांसमोर. याच बॉइलनं १६७० मध्ये निर्वात केलेल्या हंडीत एक साप ठेवला होता, आपल्या फुरशा-घोणसांच्या कुळातला. सापाच्या डोळ्यात बॉइलला इकडून तिकडे हलणारा एक बुडबुडा दिसला. दाब कमी झाला की जिवंत अंगात विरघळलेली हवा फसफसून बाहेर येते, याची ती पहिली नोंद. सोड्याची बाटली उघडावी तसं. दोनशे वर्षांनी न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत काम करणारे मजूर वर आले की सांध्यांच्या कळांनी वाकडे होत, काही मेले. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून राहिला. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेननं शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून गणित सोडवलं : दाब निम्म्यावर आणेपर्यंत धोका फारसा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं. दहा मीटर म्हणजे दोन, पृष्ठभाग म्हणजे एक, निम्म्याच्या आत. आमच्या आठ मीटरला त्या शेळ्यांनी आधीच हिरवा कंदील दाखवलेला होता. या हाल्डेनचा मुलगा, जे. बी. एस., स्वतःला अशाच कोठीत कोंडून घेऊन प्रयोग करायचा. तो १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला.

ज्यांना आणखी खोल जायचं असतं ते रीतसर शिकतात. तारकर्लीला २०१५ पासून पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. खोल आणि पुनःपुन्हा उतरणाऱ्यांना त्याच दिवशी चिपीहून विमानात बसायला मनाई असते. घाटाचाही विचार करावा लागतो. आंबोली परत आडवी येते, या वेळी उलट्या बाजूनं. भाच्याच्या मनात विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत असलेलं आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, पूर्ण पाण्याखाली असलेला तो पठारासारखा प्रदेश वीसएक मीटरवर सुरू होतो. ‘‘थंय पाणी निळा,’’ तो म्हणतो. उपाशी पाण्याचा सिद्धांत मी त्याला सांगितला नाही.

होडीत माझी टाकी उचलून बघितली. काट्यावर १०० च्या जरा वर. सव्वा किलोभर हवा मी वीस मिनिटांत संपवली होती. भाच्यानं त्याच वेळात माझ्या निम्मीसुद्धा नाही. घाबरलेला माणूस महागात पडतो.

संध्याकाळी खळ्यात बसलो. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सोलकढी पुढे केली. घशाची कोरड अजून गेली नव्हती, दोन वाट्या कढी प्याले. सकाळी घेतलेली बहुतेक हवा बुडबुडे होऊन किल्ल्याजवळ पाण्यावर फुटून गेली होती. पण सगळी नाही. आठ मीटरवरच्या दाबात तिच्यातला थोडा नायट्रोजन माझ्या रक्तात, चरबीत विरघळून बसला होता, आणि तो निघायला कित्येक तास लागतात. एकेका उच्छ्वासाबरोबर थोडा थोडा. तो आता खळ्यावरून माडांकडे जात होता, आणि घरामागे कॉम्प्रेसर उद्याच्या टाक्या भरायला पुन्हा सुरू झाला होता.